औषध पोचलं का?

आमच्या जाऊबाईंची नात पल्लवी नागपूरला औषधशास्त्र शिकते. मागच्या दिवाळीत घरी आली तेव्हा चिवड्याची वाटी हातात घेऊन मला सांगत बसली की आता कॅन्सरचं औषध डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक कणांत भरतात. ते कण रक्तातून हिंडतात, पण वाटेत कुठेही उघडत नाहीत. गाठीजवळ पोचले, तिथली जास्तीची ऊब किंवा आंबटपणा त्यांना लागला, की मगच उघडतात आणि औषध तिथेच सांडतात. बाकीच्या शरीराला ताप कमी. यातलं पुष्कळसं अजून प्रयोगशाळेतच आहे, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे इशारा मिळाल्याशिवाय काम करत नाई," मी म्हटलं. "माह्यं औषधही तसंच होतं. पन्नास टक्के तरी."

ती हसली. म्हातारी आपलं काहीतरी ठोकून देतेय असं तिला वाटलं असावं. मग मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा वाटीतला चिवडा तसाच राहिला. जाताना म्हणाली, "आजी, हे लिहून काढा. आमच्या इथे पेशंट येतात ते घाबरून गेलेले असतात. त्यांना शास्त्र सांगून काही होत नाही. तुमच्यासारखं कोणीतरी समोर पाहिजे."

म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे. मला जे समजलं आणि जे सोसलं, तेवढंच यात आहे.

बोर

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. पवनीजवळच्या एका खेड्यात आमचं एकत्र घर होतं. थोरले दीर धानाची शेती पाहायचे, आणि आमचे हे गावातच किराणा दुकान चालवायचे. सासू-सासरे नव्हते, त्यामुळे घराचा कारभार जाऊबाईंकडे. त्यांचं नाव सगुणा. मी त्यांना 'बाई' म्हणायची. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, कामाला वाघ, आणि जीभ अशी की मिरचीने त्यांच्याकडून तिखटपणा उसना घ्यावा.

माझी मुलगी नंदा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. माझी गाठ पहिल्यांदा तिलाच सापडली. मांडीवर बसून गळ्यातली पोत ओढता ओढता तिने एका जागी बोट टेकवलं आणि विचारलं, "आई, तू बोर गिळलं?"

आरशात पाहिलं तर खरंच, पाणी गिळताना गळ्याच्या बाजूला बोराएवढं काहीतरी वर-खाली होत होतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी बाईमाणसाने दवाखान्यात जायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पवनीच्या डॉक्टरांनी गलगंड म्हणून मलम दिलं. बोराचा पेरू व्हायला लागला तेव्हा ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि मला नागपूरला नेलं.

सुईने काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी ह्यांना एकट्यालाच आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले होते. हे बाहेर आले, मला रस्त्यापलीकडे घेऊन गेले आणि उसाचा रस मागवला. एक ग्लास संपला तर दुसरा मागवला. आता सांगते, आमचं लग्न झाल्यापासून या माणसाने मला न मागता कधी पावशेर फुटाणेसुद्धा घेऊन दिले नव्हते. दुसरा ग्लास समोर आला आणि मला सगळं कळलं.

"कॅन्सर हाये ना?" मी विचारलं.

हे रसवाल्याच्या चाकाकडे पाहत राहिले. "लहानसं ऑपरेशन हाये म्हणते डॉक्टर," एवढं म्हणाले आणि भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात, रडायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. मला रडू आलं नाही. एकच विचार डोक्यात घुमत होता, नंदाला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही.

खोड

ऑपरेशन झालं, गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी काढली आणि तिच्या बदली रोज एक गोळी सुरू झाली. गळ्यावर आडवी खूण राहिली, आवाज काही दिवस घोगरा झाला आणि पुन्हा नीट झाला. पण छातीचा एक्स-रे काढला त्यात दोन्ही फुप्फुसांवर खसखस सांडल्यासारखे ठिपके दिसले. ती गळ्यातलीच बियाणं तिथे जाऊन रुजली होती. तिथे सुरी चालत नाही, डॉक्टर म्हणाले. तिथपर्यंत फक्त औषध जाऊ शकतं.

त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं. शरीरात दुसऱ्या कोणाला त्याची फारशी गरज नाही, हिलाच त्याची हाव. त्या पेशी बिघडल्या, छातीत जाऊन बसल्या, तरी आयोडीन ओढून घ्यायची त्यांची सवय बहुतेक वेळा जात नाही. तेव्हा आधी त्यांना उपाशी मारायचं. थायरॉइडची गोळी बंद, आयोडीन बंद. शरीराला तुटवडा कळला की ते त्या पेशींना हाकारे द्यायला लागतं, कामाला लागा म्हणून, आणि पेशी वखवखतात. नेमकं त्याच वेळी किरणं सोडणारं आयोडीन प्यायला द्यायचं. त्या ते गटागटा ओढून घेतात आणि आतल्या आत जळतात. बाकीचं शरीर त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, उरलेलं लघवीवाटे निघून जातं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाई म्हणतात, तसं," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच. खोडीनेच मारायचं त्यांना."

औषध मुंबईला मिळणार होतं. तोवर समुद्राची मासोळी, सुकट, झिंगे, पाकिटातलं नवं आयोडीनचं मीठ, खोकल्याची औषधं, सगळं बंद. खड्याचं मीठ बेतानं चालेल. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावलं, भूक मोडली तर औषध पोचणार नाही.

वेगळा पेला

आजारापेक्षा घराने मला आधी रडवलं. मी नागपूरहून परत आले तर माझा पेला वेगळा, ताट वेगळं, अंथरूण पडवीत. हा रोग शिवल्याने होतो अशी बाईंची पक्की समजूत. नंदा माझ्याकडे धावत आली की त्या तिला वरच्या वर उचलायच्या.

"काहून घेते वं पोरीले जवळ? तिच्यावर तरी दया कर."

"बाई, हा लागट रोग नाई. डॉक्टरनं सांगतलं."

"डॉक्टरच्या घरी लेकरं नसन."

ह्यांनी एकदा समजावून पाहिलं, पण वहिनीपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. दीर मुकाट जेवून उठायचे. मी पडवीतून नंदाला गोष्टी सांगायची आणि ती अंगणात उकिडवी बसून ऐकायची. तेव्हा बाईंचा मला फार राग यायचा. आज वाटतं, स्वतःला लेक नव्हती, दोन्ही मुलगेच, नंदावर त्यांचा जीव होता आणि त्या नुसत्या घाबरलेल्या होत्या. पण हे आज वाटतं.

भुकेचे दिवस

आखाड लागला आणि माझी गोळी बंद झाली. हे दिवस ज्यांच्या वाट्याला येणार आहेत त्यांना आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. चेहरा सुजतो. डोळ्यांच्या पापण्या जड होतात. दमट उकाड्यात बाकी सगळे घाम पुसत असताना तुम्हाला गोधडी लागते. एक वाक्य बोलायचं तर शब्द विहिरीतून शेंदून काढावे लागतात. आणि मनावर असं मळभ येतं की आपण आता कोणाच्या कामाचे नाही. ते मळभ आजाराचं असतं, तुमचं नसतं. हे मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दिवसांत धानाची रोवणी सुरू झाली. घरातलं झाडून सगळं माणूस शेतात, आणि मी एकटी पडवीत भिंत पाहत बसलेली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी उठले आणि शेतावर गेले. बाई कमरेत वाकून रोवत होत्या. मला पाहून ताठ उभ्या राहिल्या.

"तू कायले आली? मरून जाशीन ना वं!"

"घरी बसूनही मरूनच राहिलो, बाई. इथं माणसं तरी दिसते."

काय झालं त्यांना कोणास ठाऊक. त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोवू नको. पेंढ्या देत जाय हातात."

मी चिखलात उभी राहून पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बायांच्या हाती द्यायला लागले. हळू, अगदी कासवासारखी. पण कोणी हसलं नाही, कोणी लांब सरकलं नाही. बाया गाणी म्हणत होत्या आणि घोगऱ्या आवाजात मीही एखादी ओळ धरत होते. दुपारी भाकरी सोडली तेव्हा बाईंनी आपल्या फडक्यातली अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी रोज जायला लागले.

रोवणीत दिवस दिवस पाय चिखलात राहिले की बोटांच्या बेचक्या कुजतात. चिखल्या म्हणतात त्यांना. आमच्या भागात चिखल्या न झालेली बाई शोधून सापडायची नाही. इतरांच्या चार दिवसांत सुकायच्या, माझ्या काही केल्या भरेनात. संध्याकाळी मी पडवीत पाय पसरून बसले असताना बाई गरम पाण्याचं घमेलं घेऊन आल्या, खाली बसल्या आणि माझे पाय स्वतःच्या हातांनी धुवायला लागल्या.

"बाई, राहू द्या. मोठ्या तुमी."

"गप बस. नुसती हाडं अन् सूज राह्यली तुही."

पाय पुसून त्यांनी बोटाबोटाच्या मधे कापसाने औषध लावलं. झोंबलं की त्या फुंकर घालायच्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घमेलं, फडकं, कापूस. तिसऱ्या दिवशी माझं अंथरूण आत आलं. नंदा माझ्या कुशीत झोपायला लागली. वेगळा पेला कधी मोरीच्या कोनाड्यातून निघून बाकीच्या पेल्यांत मिसळला ते मला कळलंसुद्धा नाही.

पथ्याचं तर बाईंनी व्रतच घेतलं होतं. दुकानातलं सुकटीचं पोतं त्यांनी दिराला उचलायला लावून शेजाऱ्याच्या कोठारात नेऊन ठेवलं, तिचा वासही नको म्हणून. मुंबईला निघायच्या दिवशी सकाळीही त्यांनी माझ्या पायांना औषध लावलं आणि म्हणाल्या, "बरी होऊन येजो."

कोरी फिल्म

मुंबईच्या हॉस्पिटलात आधी थोडंसं औषध देऊन पाहतात. नंतर माणसाला यंत्राखाली झोपवून, ते कुठे कुठे गेलं त्याची फिल्म काढतात. माझ्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्मा डोक्यावर सारून बोलणाऱ्या. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काहीच नाही. गळ्यातही नाही, छातीतही नाही."

हे आनंदाने उठून उभे राहिले. "म्हणजे बरी झाली?"

"नाही हो. ठिपके एक्स-रेमध्ये तसेच आहेत. औषध त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांना भूकच नाहीये." मग माझ्याकडे वळल्या. "काय खाल्लंत?"

आम्ही शपथा घेऊन सांगितलं. मासे नाहीत, सुकट नाही, खोकल्याचं औषध नाही. त्या विचारत होत्या आणि मी टेबलावर पडल्या पडल्या उत्तरं देत होते. बोलता बोलता त्या माझ्या पायथ्याशी गेल्या आणि थांबल्या.

"पायांना काय लावता?"

"चिखल्या झाल्या ना रोवणीत. जाऊबाई टिंचर लावते."

"कधीपासून?"

"आखाडापासून. रोज."

डॉक्टर स्टुलावर बसल्या. "अहो, टिंचर म्हणजे आयोडीनच असतं. उघड्या जखमेतून रोज थोडं थोडं आत जात होतं."

आम्ही सगळे पहारेकरी तोंडाच्या दारावर बसवले होते, आणि चोर पायाने आत आला. आमच्या घरी, गावात, सगळीकडे त्या तपकिरी बाटलीला टिंचर म्हणतात. त्यात काय असतं हे कोणी कधी विचारलं नव्हतं, आणि पायाला काय लावता हे नागपुरात आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. कोणाला बोल लावायचा? जे हे वाचत असतील त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. डॉक्टरांना सगळं सांगा. पोटात घेता तेही, आणि अंगाला लावता तेही. क्षुल्लक वाटतं ते आधी सांगा.

डॉक्टर म्हणाल्या, आता मोठा डोस दिला तर वाया जाईल. अंगातलं आयोडीन निघून जाऊ दे, दसरा झाल्यावर या. गोळी बंदच ठेवावी लागेल. "आणखी इतके दिवस सहन होईल का?"

मी हो म्हटलं. पण परतीच्या गाडीत मला धडकी भरली होती. ठिपके दसऱ्यापर्यंत वाट पाहतील का? त्यांना कोणी सांगितलंय थांबायला? आणि लपवत नाही, बाईंचा पुन्हा राग आला.

घमेलं

वाटेत आम्ही ठरवलं होतं की घरी काही बोलायचं नाही. पण आम्ही दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच बाई धावत आल्या. "झालं ना औषध?" आणि ह्यांच्या तोंडून निघून गेलंच. "कायचं औषध, वहिनी! तुमच्या टिंचरनं सारं वाटोळं केलं."

ह्यांनी लगेच जीभ चावली, पण तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ती बाटली उचलली आणि उकिरड्यात पुरून आल्या. नंतर माझ्याजवळ फिरकेनात. ताटावर बसायच्या आणि घास न घेता उठायच्या. ही तिखट जिभेची बाई गप्प झाली तर सगळं घर मुकं झालं.

दोन-तीन दिवस मी पाहिलं, मग गोठ्यात गेले. त्या शेण काढत होत्या. माझी चाहूल लागली तरी वळल्या नाहीत.

"बाई, बोला ना काई."

"काय बोलू? मारून टाकलं तुले मी."

"जिती हावो अजून."

"पहिले दूर राह्यलो तवाच बरं होतं," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "जवळ आलो अन् घात केला. मी आता तुह्या अंगाले हात नाई लावत."

माझा राग तिथेच कुठेतरी शेणात पडला. मी हळूहळू, शब्द शेंदत शेंदत म्हटलं, "बाई, तुमी पाय धुतले म्हणून मी इतके दिवस काढले. टिंचरचं मले काई माहीत नाई. मले घमेलं माहीत हाये. आता पुन्हा तितकेच दिवस काढाचे हाये. तुमी दूर झाल्या तर मी कशी काढू?"

बाईंनी शेणाचे हात तसेच ठेवून कोपराने डोळे पुसले. "काय करू, सांग."

"मुंबईले चला माह्यासंगं."

भंडाऱ्यापलीकडे कधी न गेलेली बाई. पण हो म्हणाली.

त्या संध्याकाळी घमेलं पुन्हा आलं. टिंचरच्या जागी करंजाचं तेल, तेही पवनीच्या डॉक्टरांना विचारून. पुढे त्यांना प्रश्न विचारायचा नादच लागला. "यात आयोडिन हाये का?" कासाराला बांगड्यांचं विचारलं. दुकानात आलेल्या साबणाच्या गाडीवाल्याला विचारलं. देवीचा अंगारा कोणी आणला तर पुजाऱ्याकडे निरोप धाडला की यात आयोडिन नसन तरच लावीन. पुजारी बिचारा महिनाभर लोकांना विचारत होता की हा कोणता नवा देव.

गाय व्याली

दसऱ्यानंतर फिल्म निघाली तेव्हा तिच्यावर छातीत फिकट डाग दिसले. भूक लागली होती. दुसऱ्या दिवशी मला एका वेगळ्या खोलीत नेलं. शिशाच्या जाड डब्यात एक एवढीशी बाटली, तिच्यात नळी. डॉक्टर दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "ओढा." मला वाटलं होतं की एवढ्या जालीम औषधाची चव कडुलिंबाला मागे टाकेल. ते पाण्यासारखं होतं. निव्वळ पाणी.

मग सगळे बाहेर गेले. आता माझ्या अंगातून किरणं निघत होती. जेवण दारातून आत सरकवायचे. एक माणूस दुरूनच एक यंत्र माझ्याकडे धरायचा, ते कटकट वाजायचं आणि तो आकडा पाहून निघून जायचा. नंदाची आठवण येऊन मी भिंतीला डोकं टेकवून रडले. पडवीतल्या त्या दिवसांत जितकी एकटी नव्हते, तितकी इथे होते.

आणि मग पॅसेजच्या टोकावरून हाक आली. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर द्यावी तशी.

"शांतेऽ! जेवली काऽ?"

"जेवलो, बाई!"

"नंदा बरी हायेऽ! रडत नाईऽ! गाय व्याली वंऽ! कालवड झालीऽ!"

नर्स धावल्या, बाईंना दटावलं. संध्याकाळी पुन्हा तेच. कालवड कपिली आहे, तिच्या कपाळावर चांद आहे, नंदा तिला गवत भरवते. मला रोज एक बातमी मिळायची आणि तिच्यावर माझा दिवस निघायचा. सगळा वॉर्ड त्या कालवडीची चौकशी करायला लागला. गावाहून निरोप कसा येतो हे विचारायचं मला सुचलंच नाही. घरी येऊन पाहते तर गाय अजून गाभणच.

यंत्राची कटकट कमी झाल्यावर मला बाहेर काढलं आणि मोठी फिल्म काढली. या वेळी डॉक्टरांनी ती बाईंनाही दाखवली. दोन्ही फुप्फुसांवर काळे ठिपकेच ठिपके. बाई रडायला लागल्या.

"सारी छाती खाल्ली वं माय हिची!"

"अहो, रडताय काय," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे काळं दिसतंय तिथे तिथे औषध जाऊन बसलंय. पोचलं ते."

बाईंनी ती फिल्म मागून घेतली आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत पाहिली. "हे बी? अन् हे?"

"तेही. आणि तेही."

घरी आल्यावर काही दिवस मला खरोखरच वेगळं राहायचं होतं. वेगळं ताट, वेगळा पेला, मुलीला जवळ घ्यायचं नाही. आता बाईच ऐकेनात. "आता काहून वेगळं? मी नाई ठेवत." ह्यांनी डॉक्टरांचं नाव घेतलं तेव्हा कुठे त्या राजी झाल्या. नंदा अंगणात, मी पडवीत, आणि मधे बाई बसून इकडचं तिकडे सांगायच्या. ते दिवस मला जड गेले नाहीत.

पुन्हा कोरी

गोळी सुरू झाली, सूज उतरली, आवाज परत आला. पण ठिपके मेले की नाही हे वर्षानेच कळणार होतं. वर्षाने पुन्हा गोळी बंद, पुन्हा गोधडी, पुन्हा शब्द शेंदणं. त्या पावसाळ्यात बाईंनी मला शेताच्या वाटेलाही जाऊ दिलं नाही. घरातली जखमेची प्रत्येक बाटली त्यांनी माझ्यापासून दूर दिराच्या पेटीत कुलूपबंद ठेवली. स्वतःच्या मुलाचं ढोपर फुटलं तर त्याला शेजारी पाठवायच्या.

मुंबईला त्याच खोलीत, त्याच यंत्राखाली मी झोपले. हे बाहेर थांबले, बाई आत माझ्याजवळ. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली.

कोरी. एकही ठिपका नाही.

माझ्या आधी बाईंनी पाहिली. त्या डॉक्टरांच्या समोर गेल्या आणि हात जोडले.

"डॉक्टरीणबाई, मी काईच नाई लावलं! देवाशपथ! तेलसुद्धा विचारून लावलं. वावरातही नाई जाऊ दिलं तिले. तरी काहून नाई पोचलं औषध? कुठं चुकलो मी?"

डॉक्टरांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले.

"कुठेही चुकला नाहीत. रक्त तपासलंय, लघवी तपासलीय. शरीर या वेळी कडकडून भुकेलं होतं. एक्स-रेही पाहिलाय, स्वच्छ आहे. सगुणाबाई, औषध सगळीकडे फिरून आलं. खाणारंच कोणी उरलेलं नाही."

बाईंना लगेच उमजलं नाही. त्या एकदा फिल्मकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिल्या. मी टेबलावर उठून बसले होते आणि मला हसू आणि रडू एकदमच फुटलं होतं.

"कोणीच नाई उरलं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

बाईंनी पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला, वर्षभर दाबून ठेवलेला.

"मंग उभ्या काहून राह्यल्या? द्या ना गोळी तिले लवकर. पाहा कशी कुडकुडून राह्यली पोरगी!"